सीएफमध्ये एक्सरसाइज टेस्ट कशी करून घ्यायची आणि मग व्यायाम कसा ठरवायचा

"पीएफटी चांगली आली ना, मग फिटनेस ठीकच असणार" हे सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ, फुफ्फुसात घट्ट कफ साठत जाणारा जन्मजात आजार) असलेल्या घरांत सर्रास ऐकू येतं. पण पीएफटी म्हणजे फुफ्फुसांची फुंकायची टेस्ट, ती बसल्या जागी होते, जोर लावल्यावर पाय किती साथ देतात, ऑक्सिजन खाली येतो का, हे त्यात दिसतच नाही. म्हणून मूल साधारण १० वर्षांचं झालं की वर्षातून एकदा एक्सरसाइज टेस्ट करून घ्या, कोणी सांगायची वाट बघू नका, स्वतःच विचारा.

सगळ्यात जास्त माहिती मिळते ती सायकलवरच्या सीपीईटीमधून, म्हणजे जोर लावताना हृदय आणि फुफ्फुसं कशी चालतात ते मोजणाऱ्या टेस्टमधून. तोंडावर मास्क, छातीला ईसीजीच्या वायरी, बोटाला किंवा कपाळाला ऑक्सिमीटर. गॉडफ्रे पद्धतीत दर मिनिटाला लोड वाढवतात, उंची १२० सेमीच्या आत असेल तर १० वॅट, १५० पर्यंत १५ आणि त्यापुढे २०, आणि बहुतेकांचे पाय ८ ते १२ मिनिटांत "बास" म्हणतात. मुलांना बघताना आईबापच घाबरतात, पण शेवटपर्यंत ताणलं नाही तर आकड्याला अर्थ नाही. मिळतो तो आकडा म्हणजे व्हीओटू पीक, पूर्ण जोर लावल्यावर शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते. १९९२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात हा जास्त असलेले पेशंट पुढच्या ८ वर्षांत जास्त जगले होते, आता फिट होते म्हणून जगले की तब्येत मुळात बरी म्हणून फिट होते, हे त्यावरून ठरत नाही, तरी डॉक्टर त्याकडे बघतात ते उगाच नाही.

मशीन नसेल तर शटल टेस्ट करा, १० मीटरवर दोन कोन ठेवायचे आणि बीपच्या आत पोचायचं, बीप जवळजवळ येत जातात. सहा मिनिटं चालायची टेस्ट धडधाकट पोरांना फारच सोपी जाते. कुठलीही करा, पण दरवर्षी तीच.

टेस्टच्या आधी कफ काढून घ्या, इनहेलर नेहमीसारखे घ्या आणि कधी घेतले ते सांगा, पोट भरून जाऊ नका. ताप असेल, कफातून रक्त येत असेल किंवा नुकताच न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर हवा साठून ते दबणं) झाला असेल तर टेस्ट पुढे ढकला.

रिपोर्ट आला की फाईलमध्ये ठेवून मोकळं होऊ नका. किती हार्ट रेटपर्यंत सेफ आहे, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) कुठे घसरलं, हे फिजिओथेरपिस्टला विचारून त्यावर व्यायाम बसवा. रोजचा अंदाज घ्यायचा तर बोलून बघा, वाक्य तुटत तुटत निघालं तरी चालेल, पण शब्दच फुटेना तर वेग कमी करा. मधे मधे थांबून हफिंग (तोंड उघडं ठेवून 'हा' करत जोरात श्वास सोडणं) करा, व्यायामाने कफ सुटलेला असतो, छान बाहेर येतो. पण म्हणून कफ काढायची नेहमीची फिजिओथेरपी परस्पर बंद नको.

मिठाचं मात्र जपा. सीएफमध्ये घामातून मीठ खूप जातं आणि त्यामुळे तहान लागायला हवी तेवढी लागत नाही, म्हणजे तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. नुसतं पाणी नको, मीठ घातलेलं पेय ठरलेल्या वेळी प्या, उन्हात जास्तच. सीएफचा डायबिटीस असून इन्सुलिन चालू असेल तर आधी आणि नंतर शुगर तपासा.

आणि दोन सीएफवाले एकत्र व्यायाम करत नाहीत, जंतू एकमेकांना लागतात. लॅबमध्येही आधीचा पेशंट सीएफचा होता का, सायकल आणि मास्क पुसला का, हे विचारायला लाजू नका.