उचल घेताना आणि हिशेब करताना: ऊसतोडीला जाणाऱ्यांनी या चुका टाळा

धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या बीडच्या भागात ऊसतोडीची टोळी जमवणाऱ्या मुकादमांच्या चकरा पावसाळ्यातच सुरू होतात. घरात लग्न निघालेलं असतं, कुणाचा दवाखाना चालू असतो, नाहीतर पेरणीचं देणं थकलेलं असतं, आणि नेमका त्याच वेळी उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रोख रक्कम, घेऊन माणूस दारात येतो. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे निघतात, काही थेट बेळगाव-बागलकोटला. भांडणं होतात मार्च-एप्रिलमध्ये, पण त्यांची मुळं पावसाळ्यातल्या त्या अर्ध्या तासाच्या व्यवहारात सापडतात. म्हणून सुरुवात तिथूनच.

उचल मोजली, टन मोजले नाहीत

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. शेजारच्या कोयत्याला (नवरा-बायकोच्या जोडीला) ऐंशी हजार मिळाले आणि आपल्याला लाख, म्हणजे आपण जिंकलो, असं वाटतं. पण उचल ही मजुरी नाही, ती अंगावरची बाकी आहे. ती फिटणार उसाच्या वजनावर.

हिशेब घरीच मांडून बघा. समजा टनाला 360 रुपये दर ठरला. नवरा-बायको मिळून दिवसाला दोन टन तोडतात असं धरलं, आणि ही काही आळशी जोडी नव्हे, तर दिवसाचे झाले 720 रुपये. हंगामात तोडीचे 120 दिवस मिळाले तर 240 टन, म्हणजे 86,400 रुपये. लाखाची उचल घेतली असेल तर एकही दिवस आजारी न पडता 13,600 रुपये अंगावर राहतातच. त्यात दर पंधरवड्याला घेतलेली खर्ची, म्हणजे खाण्यापिण्याला घेतलेले पैसे, मिळवा. ही बाकी पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे बांधून नेते. म्हणजे मोठी उचल घेताना माणूस पुढचा हंगामही विकतो, फक्त ते त्याला त्या दिवशी दिसत नाही.

दरही स्वतः माहीत करून घ्या. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांच्या करारात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. तुमच्या मुकादमाचा दर जुना आहे की नवा, आणि डोकी सेंटर (डोक्यावरून मोळ्या वाहणारे), गाडी सेंटर (बैलगाडीवाले), ट्रॅक्टरची टोळी यातला कोणता लावला, हे उचल हातात घेण्याआधी विचारायचं. नंतर विचारलं तर ते भांडण ठरतं.

दोन मुकादमांकडून उचल घेणारेही असतात. गरज कळते, पण याचा शेवट फसवणुकीच्या गुन्ह्यात होतो. वाहतूकदाराने बँकेचं कर्ज काढून पैसे वाटलेले असतात, तोही मागे लागतो, आणि तेव्हा कायद्याचं पारडं तुमच्या विरुद्ध झुकतं.

कोरा स्टँप, कोरा चेक

कोऱ्या कागदावर सही द्यायला ‘सगळेच देतात’ हे कारण पुरेसं नाही. रक्कम, तारीख, कारखान्याचं नाव, टनाचा दर आणि परतीचा प्रवास कोण करणार, एवढं लिहिलेल्या कागदावरच सही किंवा अंगठा द्या आणि लगेच त्याचा मोबाईलवर फोटो काढा. कोऱ्या कागदाचा आग्रह सुटतच नसेल, तर चार माणसांसमोर रक्कम मोठ्याने बोलून त्याचा व्हिडिओ तरी करा. शक्य तिथे उचल बँक खात्यातच मागा. रोखीत लाख दिले की ऐंशी, हे सहा महिन्यांनी सिद्ध करता येत नाही.

आपल्याकडे कागद मुकादमाकडे असतो आणि मजुराकडे आठवण असते. पन्नास पानांची वही घ्या, सातवीतल्या पोरीला लिहायला बसवा. रोजची खेप, खर्ची, किराणा, औषध, सगळं तारखेसह.

कमिशन आणि खाडा

मुकादमाचं कमिशन मजुरीच्या बिलावर वेगळं, कारखान्याकडून मिळतं. तुमच्या मजुरीतून ते कापलं जात असेल तर तो तुम्हाला कामाला लावण्याचे पैसे तुमच्याचकडून घेतोय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची 2016 ची न्याय्य भरतीची तत्त्वं नेमकं हेच नाकारतात: भरतीचा खर्च मालकाने सोसायचा, कामगाराने नाही.

खाड्याचं प्रकरण आणखी वाईट. ताप आला, बाळंतपण जवळ आलं, पाळीच्या दिवसांत कमरेत जीव नाही, तरी एका दिवसाच्या खाड्याला दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त रक्कम लावली जाते. वेतन संहिता सांगते की गैरहजेरीबद्दलची कपात त्या काळाच्या मजुरीपेक्षा जास्त असू शकत नाही. दंडालाही त्या वेतनकाळातल्या वेतनाच्या 3 टक्क्यांची मर्यादा आहे. या खाड्याच्या धाकानेच बायका दुखणी अंगावर काढतात. बीडमधल्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांवर 2019 मध्ये राज्यभर गदारोळ झाला तेव्हा सगळ्यांनी दवाखान्यांकडे बोट दाखवलं, खाड्याकडे फार कमी जणांनी.

बाईचं नाव कुठेच नसणं

कोयता म्हणजे जोडी. पण उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या नावावर, वहीत ‘कोयता एक’. उद्या ट्रॉलीवरून पडून तिला लागलं तर ती तिथे कामाला होती हे दाखवणारा कागद नाही. टोळीच्या यादीत दोघांची नावं लिहून घ्या. ग्रामसेवकाकडून मिळणारं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्रही दोघांचं वेगळं काढा. लोकनेते गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये आणि तेवढीच रक्कम सरकारकडून धरलेली आहे. नोंदच नसेल तर त्यातलं तुमच्यापर्यंत काय येणार?

काटा न बघणं

काटा मारला जातो, म्हणजे वजन कमी दाखवलं जातं, असं फडात सगळे म्हणतात, पण पावती कुणी मागत नाही. निदान टोळीतल्या एकाने प्रत्येक खेपेच्या काटा पावतीचा फोटो काढावा आणि गाडीचा नंबर लिहावा. वजनात घोळ वाटला तर तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे करायची. मुकादमाशी वाद घालून काटा सुधारत नाही.

मुलं आणि रेशन

मुलांना नेण्याआधी गावच्या शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. न्यावंच लागलं तर शिक्षण हमी पत्रक घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवता येतं. रेशन कार्ड घरात कुलूपबंद ठेवू नका. आधार जोडलेलं असेल तर धान्य सांगलीतही मिळतं, बेळगावातही.

अपघातानंतर घाईने गावी परतणं

साप चावला, ट्रॅक्टर उलटला, बैलगाडी अंगावर आली, की मुकादम पाच-दहा हजार हातावर ठेवून गाडी करून देतो, आणि दुःखात माणसं निघून येतात. तसं करू नका. तिथल्याच सरकारी दवाखान्यात नोंद, पोलिसांत खबर, पंचनामा आणि मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन, हे चार कागद तिथेच होतात. नंतर बीडमध्ये बसून ते तयार होत नाहीत. नुकसानभरपाईचा दावा साधारण दोन वर्षांत करावा लागतो, आणि तो फक्त मुकादमाविरुद्ध न करता कारखान्यालाही त्यात घ्या.

डांबून ठेवलं, तर काय चुकतं

उचल फिटली नाही म्हणून टोळीला कोपीवरून (मजुरांच्या झोपडीवरून) हलू दिलं नाही, मोबाईल काढून घेतले, पोरगं ठेवून घेतलं, अशा वेळी घरचे बहुतेकदा गावातल्या पुढाऱ्याकडे धावतात आणि तो मुकादमाशी ‘तडजोड’ करतो. पोलिसही कधीकधी ‘हा पैशांचा व्यवहार आहे, कोर्टात जा’ म्हणून मोकळे होतात. इथे अडायचं नाही. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानुसार कर्जापोटी माणसाला कामावर बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, त्याला 3 वर्षांपर्यंत कैद आहे. ते कर्ज वेठबिगारीचं नाही हे दाखवण्याची जबाबदारीही पैसे देणाऱ्यावर आहे, मजुरावर नाही.

म्हणून अर्ज जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्याच्या नावाने द्या, जिथे माणसं अडकली तिथल्याही आणि आपल्या जिल्ह्यातल्याही. अर्जात ‘उचल’ हा एकच शब्द न लिहिता बाहेर जाऊ देत नाहीत, धमकी देतात, मजुरी देत नाहीत, हे स्पष्ट लिहा. 112 ला फोन करताना शिवार, शेतकऱ्याचं नाव आणि कारखाना सांगा, लोकेशन पाठवता आलं तर उत्तम. सुटका झाल्यावर मुक्तीचं प्रमाणपत्र मागायला विसरू नका. पुनर्वसनाची मदत त्याच कागदावर मिळते. वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून थांबू नका: 15100 वर विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि महिला व वेठबिगारीचे बळी यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

रातोरात पळून येणं हा शेवटचा मार्ग. जिवाला धोका असेल तर निघाच, पण निघताना कुणाला तरी मेसेज टाका आणि पोहोचल्या दिवशीच लेखी तक्रार द्या. नाहीतर दुसऱ्या दिवशी चोरीची फिर्याद तुमच्याच नावाने येते.

कर्नाटकला जाणाऱ्यांसाठी

बीडहून सांगलीला जाणारा मजूर कायद्याच्या भाषेत ‘आंतरराज्य स्थलांतरित’ नाही, बेळगावला जाणारा आहे. अशा मजुरांसाठीचा 1979 चा कायदा आता कामगार संहितांमध्ये सामावला आहे आणि त्या 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. दहा किंवा जास्त आंतरराज्य कामगार असलेल्या आस्थापनेत जाण्या-येण्याच्या प्रवासभत्त्याची तरतूद आहे. बेळगावची टोळी ठरवताना तो विषय कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यापर्यंत नेऊन बघा, मुकादमापाशी थांबवू नका.

पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर

गाडी भरून तयार असते, सगळ्यांना घरची ओढ असते आणि हिशेब ‘गावी गेल्यावर करू’ होतो. गावी गेल्यावर मुकादम भेटत नाही. कोपी मोडण्याआधी वही आणि मुकादमाचा हिशेब समोरासमोर लावा, उरलेली बाकी दोघांच्या सहीने लिहा आणि उचल फिटली असेल तर तो चेक आणि स्टँप त्याच बैठकीत परत घ्या. तो परत न घेता पुढच्या वर्षी दुसऱ्या मुकादमाकडे गेलात, तर जुन्या कागदावर नवी रक्कम लिहायला कुणाला फार वेळ लागत नाही.