सोन्याच्या कणांची रॅपिड टेस्ट बनवताय? या चुका टाळा

स्ट्रिपवर रेघ फिकट आली की नवशिक्याचा निष्कर्ष ठरलेला असतो: अँटिबॉडी, म्हणजे रोगाचा अंश ओळखून पकडणारं प्रथिन, कमी पडली. मग तो अँटिबॉडी वाढवतो, तरी रेघ फिकटच, मग अजून वाढवतो. रबाळ्याच्या एमआयडीसीत रॅपिड किटवर काम करताना हे मी सतत बघते. किटमधल्या सगळ्यात महाग वस्तूवर आधी संशय घ्यायचा आणि मीठ, पाणी, दमट हवा यांच्याकडे बघायचंही नाही, ही सवय कॉलेजात कोण लावतं कोणास ठाऊक. बिघाड बहुतेक वेळा या स्वस्त गोष्टींतच निघतो.

आधी थोडं सोन्याबद्दल. डेंग्यूच्या विषाणूचं एनएस१ हे प्रथिन शोधणारी टेस्ट असो की कोविडची अँटिजेन, बहुतेक स्ट्रिपवरची लाल रेघ सोन्याच्या कणांची असते. साधारण ४० नॅनोमीटरचे कण, प्रत्येकावर सायट्रेटचा ऋण भार. त्या भारामुळे ते एकमेकांना ढकलतात आणि पाण्यात तरंगत राहतात. कण सुटे आहेत तोवर रंग लाल. चिकटले की जांभळा, मग निळसर करडा, शेवटी तळाला काळा गाळ. फाटलेलं दूध ढवळून पुन्हा दूध होत नाही, तसंच हे. नीट ठेवलं तर मात्र सोनं पिढ्यान् पिढ्या टिकतं: मायकेल फॅरेडेने १८५०च्या दशकात बनवलेलं लाल सोनं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून लालच आहे. आणि आमच्याकडे सकाळी आलेली बाटली दुपारी जांभळी!

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे अँटिबॉडी बाटलीतून काढून थेट सोन्यात ओतणं. बाटलीतली अँटिबॉडी बहुधा पीबीएसमध्ये असते. पीबीएस म्हणजे फॉस्फेटचं खारं द्रावण, मीठच. मीठ कणांवरचा भार झाकून टाकतं, ढकलाढकल थांबते आणि कण चिकटतात. एमएस्सी करून नुकत्याच आलेल्या एका मुलाने एनएस१च्या कॉन्ज्युगेटसाठी, म्हणजे अँटिबॉडी चिकटवलेल्या सोन्यासाठी, हेच केलं. बीकर डोळ्यांदेखत जांभळं झालं. तो म्हणाला, "मॅडम, सोनं खराब आलंय." सप्लायरला फोन, दुसरी बाटली, पुन्हा जांभळं. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, "अरे, अँटिबॉडीच्या लेबलवर काय लिहिलंय ते तरी वाच."

लेबल वाचलं आणि पठ्ठ्याने हुशारी केली. दुसऱ्या कंपनीची अँटिबॉडी काढली. ती ओतल्यावर सोनं लाल राहिलं, मिठाच्या चाचणीतही (ती कशी करायची ते पुढे येतं) टिकलं. स्वारी खूश. पण स्ट्रिपवर टेस्ट लाईन, म्हणजे रोग दाखवणारी रेघ, उमटेना. त्या बाटलीत बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन, घातलेलं होतं. अँटिबॉडी बसायच्या आधी बीएसएनेच कणांवरची जागा अडवली आणि मिठापासून सोनं वाचवलं तेही बीएसएनेच. जांभळं सोनं निदान ओरडून सांगतं, हे लाल सोनं सरळ फसवतं. त्यातच एक आठवडा गेला.

माझी पद्धत अशी: अँटिबॉडी मागवतानाच बीएसए, जिलेटिन, ग्लायसिन, ट्रिस नसलेली मागवायची. मग रात्रभर ४ अंशांवर २ मिलीमोलर बोरेटमध्ये डायलिसिस, म्हणजे पडद्याच्या पिशवीतून मीठ बाहेर जाऊ देणं. डिसॉल्टिंग कॉलमने हे काही मिनिटांत होतं, मान्य. पण ज्याला सहाची ठाणे लोकल पकडायची घाई आहे, त्याच्या हातात मी कॉलम देत नाही. सोन्याचा पीएच ८.५ ते ९च्या आसपास, आणि तो पट्टीनेच बघायचा. मीटरचा इलेक्ट्रोड सोन्यात बुडवणाऱ्याला मी दिवसभर ग्लासवेअर धुवायला लावते.

मग मिठाची चाचणी. नळ्यांत १-१ मिली सोनं, प्रत्येकीत अँटिबॉडीची मात्रा चढती, दहा मिनिटं थांबायचं आणि १०० मायक्रोलिटर १० टक्के मिठाचं पाणी घालायचं. सगळ्यात कमी मात्रेची जी नळी लाल राहील तिच्याहून थोडी जास्त मात्रा घ्यायची. शेजारी एक नळी नुसत्या बीएसएची ठेवायची, म्हणजे लाल रंगाला भुलायला होत नाही. ही चाचणी गेल्या महिन्यात केली होती म्हणून आज नको, हा युक्तिवाद माझ्यापुढे चालत नाही. नवा लॉट आला की नवी चाचणी.

आता पावसाळा. जुलैत नवी मुंबईची हवा पिळून पाणी काढावं अशी असते. कॉन्ज्युगेट लावून वाळवलेले स्ट्रिपचे पॅड एकदा शनिवारी संध्याकाळी कुणीतरी उघड्या ट्रेमध्ये ठेवले, जाताना एसी बंद केला. सोमवारी त्या पॅडच्या स्ट्रिप चालवल्या, तर सोनं पॅडवरून सुटेचना. रेघ फिकट, मागे सगळा गुलाबी पसारा. पुन्हा तेच: अँटिबॉडी वाढवू या का, मॅडम? वाढवून उपयोग शून्य, कारण ओल शोषलेल्या पॅडवर कण तिथेच चिकटून बसले होते. पुन्हा वाळवूनही सुटले नाहीत. सगळा लॉट फेकला. एसी हवा थंड करतो, हवी तेवढी कोरडी करतोच असं नाही, म्हणून डीह्युमिडिफायर वेगळा लागतो आणि तो रविवारीही चालू राहिला पाहिजे. मी प्रत्येक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत छोटा हायग्रोमीटर टाकते. आकडा २० टक्क्यांच्या वर गेला की त्या डब्यातले पॅड वापरत नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

बाकीच्या चुका झटपट. सोनं फ्रीझरमध्ये ठेवू नका, गोठलं की संपलं. सेंट्रिफ्यूज जोरात फिरवून वेळ वाचत नाही, तळाशी न सुटणारा गोळा मिळतो. काचेची भांडी नळाच्या पाण्याने धुवून तशीच वापरू नका. कंट्रोल लाईन आली म्हणजे टेस्ट बरोबर असं नाही, द्रव शेवटपर्यंत पोहोचला एवढंच त्यातून कळतं. नमुन्यात अँटिजेन फारच जास्त असेल तरीही टेस्ट लाईन फिकी पडते, तेव्हा नमुना पातळ करून पुन्हा चालवा.

आणि स्ट्रिप वाचायची वेळ पाळा. १५ मिनिटं लिहिलंय तर १५ मिनिटं. जेवून आल्यावर दिसलेल्या पुसट रेघेला पॉझिटिव्ह म्हणायचं नाही. तापाचा कितवा दिवस आहे हेही नमुन्यासोबत लिहून घ्या. डेंग्यूचं एनएस१ पहिल्या दिवसापासून सापडू शकतं, आठवड्याभरानंतर ते बहुधा रक्तात उरत नाही आणि आयजीएम, म्हणजे शरीराने स्वतः बनवलेली अँटिबॉडी, साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून वर येतं. नवव्या दिवसाच्या रक्तावर एनएस१ची स्ट्रिप कोरी आली म्हणून कॉन्ज्युगेट बदलायला धावलेले लोक मी पाहिलेत.