शेडमधली टाइल जॅक लावला की तडकायची, ते असं थांबलं

शेडमध्ये गाडीचं काम काढलं, जॅक लावला की टाइल तडकलीच, अन् ठोकून पाहिलं तर डब्बा वाजल्यासारखा आवाज. दोनदा पांढरं सिमेंट भरलं, एकदा टाइलच बदलली, पुन्हा तेच, डोक्याचा पार भुगा झाला. मिस्त्रीनं मधात अन् कोपऱ्यात सिमेंटचे गोळे टाकून चिपकवल्या होत्या, खाली सगळं पोकळ, त्यात विट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाइल पाणी ०.५ टक्क्याच्या वर पीत नाही म्हणून साधं सिमेंट धरतच नाही.

मग पोकळ वाजणाऱ्या सगळ्या काढल्या, कोबा खरवडून धूळ झाडली, दातेरी थापीनं टाइल अॅडेसिव्ह पूर्ण जागेवर अन् टाइलच्या पाठीवरही पातळ फासलं, ३ मिमीचे स्पेसर (दोन टाइलांत सारखी फट ठेवणारे छोटे तुकडे) ठेवून रबरी हातोडीनं दाबत गेलो. दुसऱ्या दिवशी फटींत इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा पक्का मसाला) भरलं. आठवडाभर गाडी बाहेरच. जॅकखाली आता जाड प्लायवूड टाकतो.