लघुभयपट करताना या चुका टाळा: वाडा आधी ओळखीचा होऊ द्या

मराठवाड्यात महाविद्यालयीन मुले लघुभयपट करायला निघाली की पहिली पसंती पडक्या वाड्याला मिळते. ही निवड चुकीची नाही. ढाळज, चौक, माजघर आणि जाड भिंतीतले धान्य साठवायचे बळद अशी अंधार धरून ठेवणारी रचना दुसरीकडे सहज सापडत नाही. चूक होते ती पुढे. पहिल्याच दृश्यात दार करकरते, जाळी लोंबताना दिसतात आणि पार्श्वसंगीत घुमू लागते. जे घर प्रेक्षकाने शांतपणे पाहिलेलेच नाही, त्यात काही बिघडले आहे हे त्याला कळणार तरी कसे?

बळदाचेच उदाहरण घ्या. दिवसाउजेडी आजी तोंडावरची फळी सरकवते, नातवाला आत उतरवते, आतून त्याचा आवाज पोकळ होऊन येतो आणि तो केसांवर ज्वारीची धूळ घेऊन हसत बाहेर निघतो. एवढे दृश्य घाई न करता दाखवले, तर रात्री तीच फळी चार बोटे सरकलेली दिसणे पुरेसे होते. त्यानंतर भूत दाखवण्याची घाई करू नका, कारण रंगवलेला चेहरा एकदा स्पष्ट दिसला की प्रेक्षक घाबरण्याऐवजी तो रंग निरखू लागतो.

दर दोन मिनिटांनी धाडकन आवाज टाकून दचकवणे ही दुसरी चूक. रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण देऊन धक्का आणि ताण यांतला फरक समजावला होता: बॉम्ब अचानक फुटला तर धक्का काही क्षणांचा, पण तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल तर साध्या गप्पांचाही ताण पंधरा मिनिटे टिकतो. १९४२ च्या ‘कॅट पीपल’ या अमेरिकी भयपटामध्ये एका बसच्या आवाजाने प्रेक्षक दचकतो, कारण त्याआधी रिकाम्या रस्त्यावरची पावले बराच वेळ ऐकू येतात आणि मग थांबतात. दचकणे त्या शांततेने कमावलेले असते.

आवाजाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना गप्प उभे करून तिथली शांतता निदान अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित करावी. ती नसेल तर संकलनात प्रत्येक संवादाच्या जोडावर आवाज तुटतो आणि भीतीही तिथेच तुटते. रानातल्या रात्रीत रातकिड्यांची किरकिर सुरुवातीपासून हलकेच राहू द्यावी आणि नेमक्या क्षणी ती बंद करावी.

अंधारात चित्रीकरण म्हणजे दिव्यांशिवाय चित्रीकरण नव्हे. मोबाइल आपोआप उजेड वाढवतो, चित्रात दाणे येतात आणि काळा रंग राखाडी होतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे चित्रात येणारा उजेड, लॉक करावे, दिवा पात्राच्या मागे किंवा बाजूला ठेवावा आणि चौकटीत एखादी पेटती चिमणी असू द्यावी, म्हणजे उरलेला काळोख खरा वाटतो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे डोळ्यांना न जाणवता लुकलुकतात, म्हणून सेकंदाला २४ फ्रेमवर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा. अंबाजोगाईच्या एका वाड्यात मी तो १/६० वर ठेवला होता. मोबाइलच्या लहान पडद्यावर काहीच दिसले नाही. घरी मोठ्या पडद्यावर मात्र भिंतीवर पट्टे सरकताना दिसले आणि संपूर्ण रात्रीचे काम वाया गेले.

भुताचे नियमही मध्येच बदलू नका. मुंजा पिंपळावर असतो, चकवा वाट चुकवतो, हे इथल्या प्रेक्षकाला आजीकडून माहीत असते. त्याच मुंजाला परदेशी भुतासारखे क्रूस दाखवून पळवले, तर तो प्रेक्षक कथेतून बाहेर पडतो.

शेवटची चूक तंत्राची नाही, पण मला ती सर्वांत गंभीर वाटते. पडझड दिसते म्हणून किल्लारी परिसरातल्या जुन्या गावठाणांवर भुताची गोष्ट रचू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात तिथे हजारो माणसे झोपेतच दगडमातीच्या भिंतींखाली गेली. कोणत्या जोत्यावर कोणाचे घर उभे होते हे सांगणारी माणसे पुनर्वसित गावांत आजही राहतात. चित्रीकरणासाठी दुसरा वाडा शोधावा.