टोइंगसाठी पेट्रोल ट्रक घ्यावा की डिझेल?

अमेरिकेत व्यवसायासाठी ट्रेलर ओढणारा हेवी-ड्यूटी पिकअप घेताना केवळ टॉर्कच्या (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराच्या) आकड्यावर भाळून डिझेलची निवड करू नये. फोर्ड सुपर ड्यूटीमध्ये ७.३ लिटरचे पेट्रोल व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन आणि ६.७ लिटरचे, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेले डिझेल इंजिन असे दोन्ही पर्याय मिळतात. डिझेलसाठी मात्र हजारो डॉलर जास्त मोजावे लागतात. शिवाय ते इंजिन जड असल्याने, ट्रकची एकूण वजनमर्यादा तीच असेल तर त्यावर लादता येणारा भार तेवढा घटतो, आणि ही बाब विक्रेता सहसा आपणहून सांगत नाही. साध्या हिचवर (ट्रकच्या मागे ट्रेलर जोडण्याच्या जोडणीवर) ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार येतो, म्हणजे १२,००० पौंडांच्या ट्रेलरचे १,२०० ते १,८०० पौंड ट्रकच्याच खाती पडतात. म्हणून चालकाच्या दाराच्या चौकटीवरील, किती भार लादता येतो हे सांगणारे पिवळे लेबल आधी वाचावे.

शहरातल्या शहरात, थांबत-थांबत छोट्या फेऱ्या करणाऱ्या बागकाम व्यावसायिकाला पेट्रोलच परवडते, कारण अशा वापरात डिझेलचा काजळी-फिल्टर पुरेसा तापून स्वच्छ होत नाही, आणि डीईएफ द्रवाचा (डिझेलच्या धुरातील प्रदूषण कमी करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरावा लागणारा द्रव) खर्चही वेगळाच.

याउलट, कोलोरॅडोतील आय-७० महामार्गावरून ११,००० फुटांवरील आयझेनहॉवर बोगद्याकडे रोज अवजड यंत्रे न्यायची असतील, तर विरळ हवेतही ताकद टिकवणारा टर्बो आणि उतारावर ब्रेक तापू न देणारा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनातून बाहेर पडणारा धूर अडवून वेग कमी करणारी यंत्रणा) यांसाठी डिझेलचे जास्तीचे पैसे निःशंकपणे मोजावेत.