शरीररचनेच्या सरावाचे स्केचबुक दाखवताना

स्केचबुक कोणाला दाखवायचे ठरले की बहुतेक विद्यार्थी आधी त्यातली देखणी पाने शोधू लागतात, आणि चूक तिथेच सुरू होते. नीट छायांकन केलेला चेहरा किंवा दोन तास खपून पूर्ण केलेली पाठ पाहून पाहणारा फार तर कौतुक करील. पण खांदा नेमका कुठे निसटतो हे त्याला त्या पानावरून सांगता येणार नाही, कारण तिथवर पोहोचताना झालेल्या चुका खोडरबराने केव्हाच पुसून टाकलेल्या असतात. असे स्केचबुक दाखवायचे ते दुरुस्ती मिळावी म्हणून. त्यासाठी पाने दाखवण्याच्या दिवशी निवडून भागत नाही, ती काढतानाच तशी घडवावी लागतात.

सर्वांत उपयोगी पडणारी पद्धत अशी आहे. एका पानावर एकच अवयव घ्यावा आणि तो प्रथम काहीही न पाहता, केवळ आठवणीतून पेन्सिलीने काढावा. मग सांगाड्याचे चित्र, छायाचित्र किंवा आरशातला स्वतःचा हात समोर ठेवून त्याच रेखाटनावर लाल पेन्सिलीने दुरुस्ती करावी, आणि खालच्या उरलेल्या जागेत तोच अवयव पुन्हा आठवणीतून काढावा. खोडरबर या पानापासून दूर ठेवावे. असे पान दिसायला अस्ताव्यस्त असते, पण जाणकाराला ते पाहताक्षणी कळते की विद्यार्थ्याला काय ठाऊक आहे, काय तो गृहीत धरतो आहे आणि लाल रेघ मारूनही कोणती चूक दुसऱ्यांदा झाली आहे. ही दुसऱ्यांदा झालेली चूक सर्वांत मोलाची, कारण ती हाताची नसून समजुतीची असते.

खांद्याचेच उदाहरण घेऊ. हात वर उचललेली आकृती काढताना नवखा विद्यार्थी खांदा जागच्या जागी ठेवून नुसता दंड वर वळवतो आणि हात बाहेरून चिकटवल्यासारखा दिसू लागतो. प्रत्यक्षात हात बाजूने पूर्ण वर, म्हणजे सुमारे १८० अंश जातो, तेव्हा त्यातले सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यातून आणि उरलेले सुमारे ६० अंश खांद्याचा फरा, म्हणजे पाठीवरचे चपटे त्रिकोणी हाड, बरगड्यांवरून फिरल्यामुळे मिळतात. फऱ्याबरोबर गळ्याखालचे आडवे हाड, म्हणजे जत्रुक, बाहेरच्या टोकाला वर उचलले जाते. म्हणून खांद्याच्या पानावर हात खाली, आडवा आणि वर अशा तीन स्थिती शेजारी शेजारी काढाव्यात, आणि प्रत्येक स्थितीत फऱ्याचा त्रिकोण व जत्रुकाची रेघ स्नायूंच्या आधी मांडावी. लिओनार्दो दा विंची यांनी १५१०-११च्या सुमारास शवविच्छेदनाच्या आधारे जी पाने काढली, त्यांत खांदा असाच, जणू त्याच्याभोवती फेरी मारत, क्रमाने बदलत्या कोनांतून काढलेला दिसतो. एका कोनातून पाठ केलेला स्नायू दुसऱ्या कोनात ओळखू येत नाही, ही अडचण जुनीच आहे.

कोपर ते मनगट हा भागही असाच फसवा आहे. तळहात वर असताना तिथली दोन हाडे जवळजवळ समांतर असतात. तळहात खाली वळवला की अंगठ्याच्या बाजूचे हाड करंगळीच्या बाजूच्या हाडावरून तिरपे पलीकडे जाते. ब्रेकिओरेडिआलिस हा स्नायू दंडाच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला, कोपराच्या वरून निघून अंगठ्याच्या बाजूने मनगटापाशी पोहोचतो, त्यामुळे हात वळताच बाह्यरेषेचा सगळा फुगवटा बदलतो. या पानावर नुसती बाह्यरेषा काढून काहीच साधत नाही. आधी हाडे, मग स्नायू कुठून निघतो व कुठे चिकटतो हे दाखवणारे दोन ठिपके, आणि शेवटी आकार, हा क्रम पानावर दिसला पाहिजे.

संपूर्ण आकृतीच्या सरावाविषयी फार सांगण्यासारखे नाही. ३० सेकंद ते २ मिनिटांच्या जलद रेखाटनांचे पूर्ण पान दाखवावे, त्यातली एखादीच वेचून काढू नये. प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांची आणि मधोमधची खूण जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या हाडाच्या, आसपास, एवढे माप तपासायला पुरे आहे. घोट्याचे आतले हाड बाहेरच्या हाडापेक्षा वर असते, ही बारीकशी गोष्ट मात्र मी प्रत्येक पायावर तपासायला सांगेन, कारण ती चुकली की बाकी पाय कितीही चांगला असला तरी लाकडी दिसतो.

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख, लागलेला वेळ आणि आधार या तीन गोष्टी लिहाव्यात. आधार म्हणजे प्रत्यक्ष मॉडेल, छायाचित्र, पुतळा, दुसऱ्याच्या चित्राची नक्कल की आठवण. नक्कल असेल तर मूळ चित्रकाराचे नाव लिहिणे हा प्रामाणिकपणा तर आहेच, पण अभिप्राय देणाऱ्यालाही त्यावाचून कळत नाही की समोरचा निर्णय विद्यार्थ्याचा आहे की मूळ चित्रकाराचा.

आता पानाचे छायाचित्र. इथे एक खोड अशी आहे की तिच्यामुळे भलतीच टीका ऐकावी लागते. वही टेबलावर ठेवून, खुर्चीत बसल्या बसल्या तिरपा फोटो काढला की पानाची खालची कड कॅमेऱ्याला जवळ येते, आकृतीचे पाय मोठे आणि डोके लहान दिसते, आणि सगळे जण प्रमाण चुकले म्हणून सांगू लागतात. कॅमेरा पानाला अगदी समांतर, बरोबर मधोमध धरावा, थोडा दूर नेऊन नंतर कडा कापाव्यात. प्रकाश खिडकीचा, एका बाजूने येणारा व सौम्य असावा; फ्लॅशने ग्रॅफाइट चमकते आणि गडद भाग पांढुरके होतात. फोटोतला कॉन्ट्रास्ट वाढवताना आधीच्या फिकट रेघा नाहीशा होत नाहीत ना, हे पाहावे, कारण दाखवायचे आहे ते नेमके त्याच रेघांमध्ये आहे. जाता जाता, चित्र सपाट टेबलावर काढतानाही डोळ्याची हीच फसगत होते. लांबचा भाग आखूड दिसतो म्हणून हात तो नकळत लांबवतो. वही तिरप्या फळीवर ठेवून काढावे.

एका वेळी ५-६ पाने पुरेत, आणि ती तारखेच्या क्रमाने असावीत. सोबत ‘कसे वाटले?’ असे विचारू नये, कारण त्याला ‘छान’ याखेरीज उत्तर येत नाही. ‘हात वर केल्यावर डेल्टॉइडचा (खांदा झाकणाऱ्या स्नायूचा) मागचा भाग फऱ्यात नीट मिसळतो का?’ असा प्रश्न विचारला तर उत्तर देणाऱ्यालाही पानात डोकवावे लागते.

प्रत्यक्ष मॉडेलवरून केलेली रेखाटने, विशेषतः नग्नाकृती, वर्गाबाहेर दाखवण्यापूर्वी मॉडेलची संमती घ्यावी. चेहरा ओळखू येत असेल तर ती नक्कीच घ्यावी. वर्गातली पोझ मोबाइलवर टिपून घरी त्यावरून काम करणे परवानगीशिवाय कधीही करू नये.

अभिप्राय मिळाल्यावर खुलासे देत बसू नये. दोन माणसांनी स्वतंत्रपणे एकाच जागी बोट ठेवले असेल तर ती जागा सर्वप्रथम घ्यावी. यासाठी वहीत सुरुवातीपासून फक्त उजव्या पानांवर काढावे आणि डावी पाने कोरी सोडावीत, म्हणजे अभिप्रायानंतर तोच अवयव, त्याच स्थितीत, समोरच्या कोऱ्या पानावर पुन्हा काढता येतो. पुढच्या वेळी दाखवताना ही दोन्ही पाने उघडी ठेवून एकाच फोटोत घ्यावीत.