वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास कसा करावा

वनस्पतिशास्त्राचा पदवीचा अभ्यास सुरू केलेला विद्यार्थी बहुधा संज्ञांची गर्दी पाहून बिचकतो आणि त्या घोकू लागतो. हा क्रम उलटा आहे. आधी नमुना हाताळावा, मग त्याची आकृती काढावी आणि त्यानंतरच पुस्तकातील नावे पाहावीत.

अंतर्रचनेसाठी सूर्यफूल आणि मका यांची कोवळी खोडे एकाच दिवशी कापून पाहावीत. खोड व ब्लेड ओले ठेवून एका सलग ओढीत अनेक पातळ छेद घ्यावेत, ते पाण्यात सोडावेत आणि त्यांतील सर्वांत पारदर्शक छेद ब्रशने उचलावा. अख्खी गोल चकतीच मिळावी हा हट्ट नको. एखादा संवहनी पूल (पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या ऊतींचा जुडगा) स्पष्ट दाखवणारा पातळ तुकडा जाड चकतीपेक्षा कितीतरी उपयोगी असतो. सॅफ्रॅनिन या लाल रंजकात थोडा वेळ ठेवून जादा रंग धुऊन टाकला की लिग्निनयुक्त (काष्ठमय) भिंती लाल दिसतात आणि झायलेम (पाणी वाहणारी ऊती) चटकन ओळखू येते. कव्हरस्लिप सुईच्या आधाराने तिरकी टेकवावी. तरीही हवेचा बुडबुडा राहिलाच, तर ठळक काळ्या कडेचा तो गोल पेशी म्हणून वहीत उतरवू नये. असे पुष्कळदा घडते. सूर्यफुलात पूल वर्तुळाकार मांडलेले असून झायलेम व फ्लोएम (अन्न वाहणारी ऊती) यांच्यामध्ये कॅम्बियम (नव्या पेशी तयार करणारा थर) असते, तर मक्यात पूल विखुरलेले असतात आणि कॅम्बियम नसते. हे स्वतःच्या स्लाइडवर पाहिले, तर मक्याच्या खोडात नेहमीची द्वितीयक वाढ (खोड जाड होत जाणे) का होत नाही, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. आकृती मात्र दिसले तशीच, टोकदार पेन्सिलने आणि छायांकन न करता काढावी.

सर्वांत अवघड प्रकरण जीवनचक्रांचे, आणि त्यालाच सर्वाधिक वेळ द्यावा. प्रत्येक रचनेपुढे ती एन (पेशीत गुणसूत्रांचा एकच संच) आहे की टू-एन (दोन संच), एवढेच लिहीत जावे. मॉसचे हिरवे रोप एन असते आणि त्यावर उभा राहणारा देठ व बीजाणूंची कुपी टू-एन. नेच्यात मोठी पानेदार वनस्पती टू-एन असते आणि एन पिढी काही मिलिमीटरच्या प्रोथॅलस नावाच्या चपट्या रचनेपुरती उरते. सपुष्प वनस्पतीत ही पिढी आणखी आक्रसून परागकणात आणि बीजांडातील भ्रूणकोशात सामावते. नमुनेदार भ्रूणकोशात पेशी 7 पण केंद्रके 8 असतात, कारण मध्यवर्ती पेशीत दोन केंद्रके असतात. त्या दोहोंशी एक नरयुग्मक मिळाला की भ्रूणपोष (भ्रूणाला अन्न पुरवणारी ऊती) थ्री-एन होतो, तर दुसरा अंडपेशीशी मिळून युग्मनज बनतो. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नवाशिन यांनी 1898 मध्ये दाखवलेले दुहेरी फलन ते हेच. तिन्ही चक्रे कोऱ्या कागदावर एकाखाली एक मांडली, तर एन पिढीचा संकोच नजरेत भरतो.

वर्गीकरणासाठी कुलांची लक्षणे रटण्यापेक्षा फूल उलगडून पुष्पसूत्र (फुलाच्या भागांची चिन्हांतील नोंद) स्वतः लिहावे. जास्वंदीत पुंकेसरांची नळी आणि बाह्यदलांखालील उपनिदलपुंज (बाह्यदलांसारख्या छोट्या पानांचे वलय) सापडले की माल्व्हेसी कुल ओळखणे सोपे जाते. शरीरक्रियाशास्त्रात प्रत्येक प्रक्रियेत काय आत जाते, काय बाहेर पडते आणि ते पेशीच्या कोणत्या भागात घडते, हे आधी लिहावे. प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे तर पाण्यातून येतो, ही नोंद तिथे ठळक असावी.